कनेक्टर काढला की गाडी पूर्ववत? क्लच नाही होत

गाडीची ताकद वाढवणाऱ्या पिगीबॅक बॉक्सवर (सेन्सरच्या वायरमध्ये जोडायची छोटी इलेक्ट्रॉनिक पेटी) तुमचा लेख वाचला. ‘पिगीबॅक बॉक्स काढला की गाडी पुन्हा कंपनीतून आल्यासारखी’ हे त्यातलं वाक्य वायरिंगपुरतं खरं आहे. माझ्याकडे स्विफ्ट डिझेल, १२४८ सीसी. मुळात ७५ पीएस आणि १९० न्यूटन मीटर टॉर्क. बॉक्स बसवायला वीस मिनिटंही लागली नाहीत. कॉमन रेलच्या (इंजेक्टरना जास्त दाबाचं डिझेल पुरवणारी नळी) प्रेशर सेन्सरचा कनेक्टर काढायचा आणि बॉक्स मध्ये जोडायचा, बस. बॉक्स ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, खरं प्रेशर आहे त्यापेक्षा कमी सांगतो, ईसीयू ते वाढवतो, तेवढ्याच वेळात इंजेक्टरमधून जास्त डिझेल जातं. गाडी खरंच पळते, अगदी मनापासून सांगतो.

पण महिन्याभरात खंबाटकी चढताना चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला, आरपीएमचा काटा वर गेला आणि वेग तिथेच! पाठोपाठ तो जळका वास. क्लच प्लेट गेली होती. वाढीव टॉर्क शेवटी तिलाच पेलायचा असतो, हे लेखात यायला हवं होतं.

आणखी एक, याबद्दल फार कमी बोललं जातं. ओबीडी स्कॅनर (ईसीयूमधली माहिती वाचणारं यंत्र) लावून रेल प्रेशर बघाल तर सगळं ठीकच दिसेल, कारण स्कॅनर ईसीयूला जे वाटतं तेच दाखवतो. खरा आकडा बॉक्सच्या अलीकडे, सेन्सरच्या वायरवरच मिळतो. त्यामुळे ‘स्कॅन केलं, काही एरर नाही’ असं ट्यूनर (बॉक्स बसवून सेट करणारा) म्हणाला तर तेवढ्यावर कृपया थांबू नका. एक्झॉस्टमधून काळा धूर येत असेल तर मॅप, म्हणजे बॉक्सचं सेटिंग, एक पायरी खाली आणा, लगेच.