प्रभुभोजन ‘नुसती आठवण’ नव्हे

प्रभुभोजनाबद्दल, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीबद्दल, ‘कॅथलिक ख्रिस्ताला प्रत्यक्ष हजर मानतात, प्रॉटेस्टंट मात्र भाकर-द्राक्षारसाला नुसतं चिन्ह समजतात’ असा संदेश फिरतोय. प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथाचा पाळक म्हणून सांगतो, आमच्यापुरतं तरी हे चूक आहे. स्मरणावर भर सोळाव्या शतकातल्या प्रॉटेस्टंट सुधारक झ्विंग्लीचा; ज्याच्या शिकवणीवर आमचा पंथ उभा आहे, त्या कॅल्व्हिनला तेवढं पुरेसं वाटलं नाही. आमची १६४६ची वेस्टमिन्स्टर विश्वासकबुली (श्रद्धेची अधिकृत मांडणी) स्पष्ट म्हणते: विश्वासाने घेणाऱ्याला ख्रिस्त खरोखर मिळतो, पण शारीरिक नव्हे, आत्मिक रीतीने. मतभेद आहेच, आणि तो लहान नाही. भाकरीचं मूलतत्त्वच पालटतं, हे कॅथलिक मत आम्ही मानत नाही. पण एखाद्या थरथरत्या तळहातावर तो तुकडा ठेवताना मी रिकामं चिन्ह देत नसतो. आणि हो, कॅल्व्हिनला प्रभुभोजन दर आठवड्याला हवं होतं. वर्षातून चारदाच ठेवलं ते तो जिथे पाळक होता त्या जिनिव्हाच्या नगरपरिषदेने.