अनुदानाच्या मोजणीत बांध कुठे आहे?

शेतीच्या अनुदानाचा विषय निघाला की बोलणे तिजोरीवरचा भार आणि शेतकऱ्याला मिळणारा आधार यांतच अडकते. अनुदान कशावर मोजून दिले जाते, हा प्रश्न मला त्याहून मोलाचा वाटतो.

शेताचा बांध घ्या. हात-दोन हात रुंदीच्या त्या पट्टीवर गवताच्या बुडाशी कोळी आणि भुंगेरे थंडी काढतात, एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्या उघड्या मातीत बिळे करून अंडी घालतात, झुडपांत पक्षी घरटी बांधतात आणि पावसाबरोबर निघालेली माती तिथेच अडते. युरोपीय संघात मदत हेक्टरांवर मिळू लागली, तेव्हा झुडपांखालची आणि डबक्यांखालची जागा अनेकदा पात्र क्षेत्रातून वजा होत असे. अशा वेळी शेतकऱ्याने झुडपे काढली, तर दोष त्याला कसा द्यायचा?

त्याच युरोपात शेतीधोरणाच्या १९९२ च्या सुधारणेने मोठ्या धान्य उत्पादकांना काही जमीन पडीक ठेवण्याची अट घातली. हेतू धान्याचा साठा आटोक्यात आणण्याचा होता, पण त्या पडीक रानात चंडोलांना दाणा आणि घरट्याला जागा मिळाली. पुढे धान्याचे भाव चढले, २००८ मध्ये ती अट रद्द झाली आणि बरीचशी जमीन पुन्हा नांगराखाली गेली. पक्ष्यांचा आसरा असा बाजारभावावर टांगलेला असावा, याचे मला मनापासून दुःख होते.

अनुदान देऊन नत्रखत स्वस्त केले की पिकाला पेलेल त्याहून जास्त पडते. उरलेले नत्र नायट्रेट होऊन पाण्यात उतरते, तर काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो, जो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवणारा वायू आहे. बांधावर तर नत्रावर पोसलेले दोन-चार दांडगे गवतप्रकार माजतात आणि फुलणाऱ्या वनस्पती त्यांच्याखाली दबून जातात.

अनुदान सरसकट बंद करा, असे मात्र मी म्हणणार नाही. न्यूझीलंडने १९८४ पासून ते जवळजवळ संपवले आणि मेंढ्यांची संख्या उतरली. पण नंतर दुग्धव्यवसाय वाढला आणि अनेक नद्यांत नायट्रेट चढले.

डिसेंबर २०२२ च्या कुनमिंग-माँट्रियल आराखड्यात, म्हणजे जैवविविधता राखण्याच्या जागतिक करारात, जैवविविधतेला घातक ठरणारी प्रोत्साहने २०३० पर्यंत वर्षाला किमान ५०० अब्ज डॉलरने कमी करण्याचे देशांनी मान्य केले आहे. तो पैसा शेतकऱ्याकडेच राहावा, फक्त राखलेला बांध, डबके आणि पडीक तुकडा पात्र क्षेत्रात धरून त्याला पिकाखालच्या जमिनीइतकाच दर मिळावा, एवढी माझी मागणी आहे.