पालिका शाळेची दहावी ‘वेगळी’ नसते

सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘मुंबई महापालिकेच्या शाळेतल्या मुलांना दहावीचा पेपर सोपा असतो, त्यांच्या टक्क्यांना खासगी शाळेची सर नाही.’ हे धादांत खोटं आहे.

राज्य मंडळाची शाळा खासगी असो वा पालिकेची, एकाच माध्यमाच्या मुलांना त्या विषयाची प्रश्नपत्रिका तीच. उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक असतो, शाळेचं नाव नाही. शिवाय पालिकेने २०२०पासून सीबीएसई आणि आयसीएसई शाळाही सुरू केल्यात, हे मेसेजवाल्यांच्या गावीही नाही.

फरक आहे, पण तो भलतीकडेच. पालिकेच्या बऱ्याच शाळा सातवी-आठवीलाच संपतात. म्हणजे ऐन तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलीला नवी शाळा, नवे शिक्षक, नव्या मैत्रिणी. घरापासून लांब पडली तर बसचा पासही आलाच. खासगी शाळेतली तिच्याच वयाची मुलगी मात्र बहुतेकदा जुन्या वर्गमैत्रिणींसोबतच दहावी गाठते. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांवर खासगी शाळेत शिरलेल्यांनाही आठवीनंतर धक्का बसतोच, पण वेगळा. कायद्याचं मोफत शिक्षण आठवीपर्यंत. नववीला फीची पावती फाडावी लागते.