‘काका, भावना समजल्या’: एका प्रतिक्रियेला उत्तर

माझ्या बायकोला पार्किन्सन्स (कंपवात) आहे. त्यावरची लेव्होडोपाची गोळी प्रथिनांच्या जेवणासोबत घेतली की नीट लागू पडत नाही, म्हणून दोन्हींच्या वेळा वेगळ्या ठेवा, असं सांगणाऱ्या ‘आधी गोळी, मग वरण’ या माझ्या लेखावर ‘परखड’ या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. मी ती उडवलेली नाही, लेखाखाली जशीच्या तशी आहे. ज्यांना खाली जाऊन वाचायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी सुरुवातीच्या ओळी देतो: “काका, भावना समजल्या, पण घरात एक पेशंट सांभाळला म्हणून कुणी न्यूरॉलॉजिस्ट होत नाही. प्रथिनांमुळे गोळी लागू पडत नाही असं तुम्ही बिनदिक्कत लिहिताय. उद्या हे वाचून कुणी म्हातारी डाळ-दूध बंद करून बसली तर जबाबदार कोण?” पुढे व्यायामावर अक्षर नाही ही तक्रार, कवचबीजाचं (खाजकुयलीच्या बियांचं) नाव मुद्दाम टाळलं हा आरोप, त्याला चिकटवलेला औषध कंपन्यांवरून एक टोमणा, आणि शेवटी लेख काढून टाकण्याची सूचना.

परखडराव (ताई असाल तर परखडताई, नाव दिलं नाहीत म्हणून ही पंचाईत), एक गोष्ट आधीच मान्य करून टाकतो. शीर्षक उथळ होतं. वरणाने माझं काही घोडं मारलेलं नाही. ते शीर्षक लोकांनी उघडून वाचावं म्हणून दिलं होतं. झालं? आता पुढे बोलू.

‘भावना समजल्या’ म्हणजे नेमकं काय समजलं? लेख मी परत वाचून काढला. त्यात गोळीच्या वेळा आहेत, मिलिग्रॅम आहेत, जेवणाआधी किती आणि जेवणानंतर किती अंतर ठेवायचं ते आहे. रडगाणं एका ओळीचंसुद्धा नाही. पण घरातल्या माणसाने लिहिलं की त्या भावना, आणि तेच गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेल्या माणसाने सांगितलं की ती माहिती, हा हिशोब मला मान्य नाही. आणि ‘काका’ कशासाठी? वयाचा मान म्हणून म्हणाला असतात तर आवडलंच असतं. पण पुढच्याच शब्दाला ज्याला वेड्यात काढायचं, त्याला आधी काका म्हणायची ही पद्धत आता सगळीकडेच बोकाळली आहे.

मी डॉक्टर नाही. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, तेही लेखात पहिल्याच परिच्छेदात लिहिलेलं आहे, लपवलेलं नाही. नोकरीभर गाड्यांच्या वेळा लिहिल्या. कुठली कधी लागली, कधी सुटली, उशीर झाला तर कशामुळे झाला. हिचं दुखणं वाढलं, दिवसातून काही वेळ अंग मोकळं आणि काही वेळ लाकूड असा प्रकार सुरू झाला, तेव्हा मला जे येत होतं ते मी केलं. वहीत रकाने आखले. गोळी किती वाजता, अंग सुटलं किती वाजता, परत धरलं किती वाजता, मध्ये काय खाल्लं. सकाळी सहाची गोळी रिकाम्या पोटी घेतली की पाऊण तासात ती स्वतःची वेणी घालायची. दुपारी एकची तीच गोळी, त्याच पाकिटातली, आमटी-भात आणि वाटीभर दह्यावर घेतली की अडीचपर्यंत काही नाही. स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी पाय चिकटल्यासारखी उभी. पुढचं पाऊल टाकायचं तिच्या मनात असतं, पाय ऐकत नाहीत. ओढलं तर पडणार, म्हणून ओढायचं नाही. उंबरठ्याच्या अलीकडे फरशीवर मी रंगीत टेपच्या पट्ट्या चिकटवल्यात. ‘पट्टी ओलांड’ म्हटलं की पाय उचलला जातो. साधं ‘चल’ म्हटलं तर नाही.

ती वही मी डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी चाळली, दुपारची गोळी जेवणाआधी अर्ध्या-पाऊण तासावर आणली, आणि रात्रीच्या गोळीतही बदल केला. औषध त्यांनी बदललं, मी नाही. पण कशावरून बदललं? तपासणीच्या खोलीत ती जेमतेम दहा मिनिटं असते आणि तिथे जाताना नेमकी गोळी लागू पडलेली असते, त्यामुळे तिथे ती चालतेसुद्धा झकास. उरलेले सगळे तास घरात असतात. ते तास तुम्ही भावनांच्या खात्यात टाकताय.

यामागचं कारण लेखात होतं, पण तुमचं लक्ष शीर्षकातल्या वरणावर असल्यामुळे परत लिहितो. या आजारात मेंदूतल्या डोपामिन, म्हणजे हालचालींसाठी लागणारं रसायन, तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. नुसतं डोपामिन पोटातून देऊन उपयोग नाही, ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. म्हणून लेव्होडोपा देतात, त्याचं डोपामिन मेंदूत गेल्यावर होतं. बाहेरच्या बाहेर होऊ नये म्हणून सोबत कार्बिडोपा. ११० च्या गोळीत १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि १० कार्बिडोपा असतं, १२५ च्या गोळीत कार्बिडोपा २५. आता लेव्होडोपा हेही एक ॲमिनो आम्लच, म्हणजे प्रथिनं पचल्यावर त्यांचं जे होतं त्याच जातीचं. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाताना त्याला जे दार लागतं, त्याच दाराशी डाळ, दूध, अंडी, मटण यांतून आलेली ॲमिनो आम्लं उभी असतात. सणाच्या दिवशी स्टँडवर लागलेल्या गाडीच्या दाराशी काय होतं ते मी वर्षानुवर्षं पाहिलंय. गाडी तीच, जागा तेवढ्याच, पण आपला माणूस खालीच राहतो. हे मी माझ्या वहीवरून शोधून काढलेलं नाही. डॉक्टर हेच सांगतात, फक्त सगळ्यांना सांगायला त्यांना वेळ नसतो.

‘एक पेशंट’ म्हणालात ना? जेम्स पार्किन्सनने लंडनमध्ये १८१७ साली या आजारावर तो निबंध लिहिला, तेव्हा त्याच्यापुढे सहाच माणसं होती. त्यातली दोन रस्त्यात भेटलेली, एक तर नुसती लांबून पाहिलेली. मी जेम्स पार्किन्सन नाही हे मला ठाऊक आहे, त्यावर दुसरी प्रतिक्रिया टाकायची तसदी घेऊ नका. म्हणायचं इतकंच की नीट बघणं ही काही कुणाची मक्तेदारी नाही.

आणि तुमचं वाक्य मला एवढं का झोंबलं तेही सांगतो. हेच वाक्य मी याआधी ऐकलंय. ही पडली, मांडीचं हाड मोडलं, एका रुग्णालयात दाखल केलं. नाव लिहीत नाही. पहिल्याच रात्री मी गोळ्यांच्या वेळांचा कागद सिस्टरांच्या टेबलावर दिला. “आमच्या राउंडला देऊ,” म्हणाल्या. सहाची गोळी साडेनऊला मिळाली, तीही उपमा आणि दुधाचा कप झाल्यावर. दुपारपर्यंत तिला पाण्याचा घोट गिळता येईना, चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती. वर भुलीच्या औषधाने उलट्या. एक तरुण डॉक्टर उलटीचं इंजेक्शन द्यायला आले. कुठलं, असं मी विचारलं. मेटोक्लोप्रामाइड. मी म्हटलं, नका देऊ, हे डोपामिनला अडवतं, हिला चालत नाही. ते म्हणाले, “तुम्ही डॉक्टर आहात का?”

नव्हतो, आजही नाही. पण आमच्या न्यूरॉलॉजिस्टना फोन लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. तिकडून काय बोलणं झालं मला ऐकू आलं नाही, पण इंजेक्शन ट्रेमध्ये परत गेलं आणि उलटीवरचंच दुसरं औषध, ऑन्डॅनसेट्रॉन, आलं. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांनी हे लिहून पाकिटात ठेवा: मेटोक्लोप्रामाइड, चक्करेवर सर्रास देतात ते प्रोक्लोरपेराझिन, आणि वातात बडबडणाऱ्या पेशंटला शांत करायला देतात ते हॅलोपेरिडॉल. तिन्ही डोपामिनच्या वाटेत येतात. ही नावं घरच्या माणसाला पाठ हवीत, कारण रात्री अडीच वाजता वॉर्डात न्यूरॉलॉजिस्ट नसतो, घरचं माणूस असतं. आणि चालू असलेली लेव्होडोपाची गोळी कुणीही, कुठल्याही कारणाने, एकदम बंद करायची नाही. ताप चढून, अंग आखडून जिवावर बेतू शकतं. ‘भावना’ या सदरात हे कुठे बसतं ते तुम्हीच सांगा.

आता प्रथिनं. ‘बंद करा’ असं मी कुठे लिहिलंय? एक ओळ दाखवा. वेळ बदला म्हटलंय. ज्यांना गोळी व्यवस्थित लागू पडते, मध्येच उतरत नाही, त्यांनी वेळेच्या या भानगडीत पडायचंही कारण नाही. आमच्याकडे दिवसा भाकरी, भाजी, फळं, साबुदाण्याची किंवा तांदळाची पेज, आणि रात्री पिठलं किंवा मुगाची घट्ट आमटी, पनीर, झोपताना दूध. रात्री अंग थोडं जड राहिलं तरी चालतं, तेव्हा कुठे चालत जायचंय? दिवसाची एकूण बेरीज तीच. वजन दर महिन्याला काट्यावर बघतो. त्यामुळे तुमची ती काल्पनिक म्हातारी माझ्या लेखामुळे उपाशी मरेल असं मला वाटत नाही. या मुद्द्यावर याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

व्यायाम राहिला, कारण लेख गोळ्यांवर होता. उद्या व्यायामावर लिहीन तेव्हा गोळ्यांवर का नाही म्हणाल. तो अत्यंत महत्त्वाचा आहे, रोज केला पाहिजे, पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळाची मंडळी तर त्याच्या जोडीला गातात आणि नाचतातही. विषय संपला.

कवचबीज. मुद्दाम टाळलं वगैरे काही नाही. खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपाच असतं, हे खरं आहे. म्हणून तर जपायचं. कुठल्या चूर्णात किती निघेल याचा भरवसा नाही, सोबत कार्बिडोपा नाही, आणि गोळी चालू असताना वरून चमचाभर चूर्ण म्हणजे नकळत डोस वाढवणं. मग अंग वेडंवाकडं हलायला लागतं, भास होतात, आणि डॉक्टर बिचारे गोळीतच काहीतरी चुकलं म्हणून डोकं खाजवत बसतात. घ्यायचंच असेल तर त्यांना सांगून घ्या. औषध कंपन्यांचं म्हणाल, तर माझ्या पेन्शनचा आकडा बघितलात तर तो टोमणा तुम्ही स्वतःहून मागे घ्याल.

लेख काढणार नाही. शीर्षक बदलून ‘लेव्होडोपाची गोळी आणि जेवणाच्या वेळा’ असं साधं केलंय. शेवटी एक ओळही घातली आहे: “दिवसभरातली एकूण प्रथिनं कमी करू नयेत, आहारातला बदल डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञांना विचारूनच करावा.” ती तुमच्यामुळे घातली असं मात्र समजू नका. इस्लामपूरकडच्या एका वाचक बाईंनी फोन करून विचारलं होतं, सासूबाईंची डाळ बंद करू का म्हणून. त्यांच्यासाठी घातली.