फोटोपुरती शाल

गेल्या रविवारी माझा जाहीर सत्कार झाला. सन 1991 मध्ये, नववीत असताना, शाळेच्या स्नेहसंमेलनातील नाटकात ‘सहभाग घेतल्याबद्दल’ तो होता. शाळेला पंचाहत्तर वर्षे झाली म्हणून जुन्या नाटकांतील मुलांना शोधून काढण्याची टूम निघाली आणि त्या शोधात मीही सापडलो. नाटक अफजलखानाच्या वधाचे होते. त्यात मी हुजऱ्या होतो आणि मला एकच वाक्य होते : “महाराज, खानाचा वकील आला आहे.” वकिलाची मिशी सुटू लागल्यामुळे तो घाईने आधीच मंचावर आला, महाराजांना मुजरा करून बसलासुद्धा, आणि नंतर मी धावत जाऊन त्याच्याकडे बोट दाखवीत तो आल्याची वर्दी दिली. त्या संध्याकाळी सर्वांत मोठा हशा त्या वाक्याला मिळाला, आणि पुढली तेहतीस-चौतीस वर्षे मी भेटेल त्याला हेच सांगत आलो की चूक वकिलाची होती.

आमचे गाव सांगली असल्यामुळे प्रमुख पाहुण्यांनी 1843 पासून, म्हणजे इथेच झालेल्या आणि मराठीतले पहिले नाटक मानल्या जाणाऱ्या विष्णुदास भाव्यांच्या ‘सीता स्वयंवरा’पासून, सुरुवात केली आणि पाऊण तासात ते जेमतेम संगीत नाटकांच्या अण्णासाहेब किर्लोस्करांपर्यंत पोहोचले. ऐकताना मला भाव्यांच्या काळाचा हेवा वाटला. पदे सूत्रधाराने म्हणायची, बाकी भाषणे नटांनी आयत्या वेळी रचायची आणि राक्षसांनी आरोळ्या ठोकीत धिंगाणा घालायचा, अशी ती नाटके असत. तिथे वकील आधी आला काय आणि हुजऱ्या मागाहून आला काय, कोणाला पत्ता लागला नसता.

अखेर माझे नाव पुकारले गेले, तेही आडनाव चुकवून. अंगावर शाल पडली, हातात नारळ आला, फोटो निघाला. पायऱ्या उतरतो तोच, छातीला बिल्ला आणि काखेत वही असलेले एक गृहस्थ आडवे आले.

“सर, शाल.”

“धन्यवाद,” मी नम्रपणे म्हणालो.

“धन्यवाद नव्हे, शाल. काढा ती. पुढच्यांना लागते.”

“पण ही मला दिली आहे ना?”

“दिलेली नाही, घातलेली आहे,” ते शांतपणे म्हणाले. “सत्कारमूर्ती एक्केचाळीस आणि शाली सहा. त्यांतल्या दोन प्रमुख भूमिकावाल्यांना कायमच्या. तुमची भूमिका काय होती?”

“हुजऱ्या.”

त्यांनी वहीत बोट फिरवले. “वाक्ये किती?”

“एक.”

“मग सर, एका वाक्याला फोटोभर शाल म्हणजे पुष्कळच झाले.”

“आणि नारळ?”

“नारळ तुमचाच. मात्र तो आत्ता इथे ठेवा, मंचावर दहाच आहेत. कार्यक्रम संपल्यावर दाराजवळ सही करून दुसरा घ्या. देणगीची पावतीही तिथेच फाडतात.”

मी शाल काढून दिली. त्यांनी ती झटकली, मी जणू तिला कोंडा लावला असावा अशा नजरेने उलटसुलट पाहिली आणि घडी घालून वर पाठवली. त्याच वेळी आमचे तेव्हाचे महाराज, जे आता बांधकाम व्यवसायात आहेत आणि ज्यांनी शाळेला नवा पडदा दिला आहे, पहिल्या रांगेत आपली कायमची शाल पांघरून भर उकाड्यात घाम पुसत बसले होते. मला ते बघवले नाही, हे कबूल करतो.

पण खरा संताप आला तो मागच्या रांगेत बाई दिसल्या तेव्हा. नाटक बसवले होते बाईंनी. महिनाभर शाळा सुटल्यावर आमच्या तालमी त्यांनी घेतल्या, ड्रेपरीवाल्याशी भाड्यावरून हुज्जत त्यांनी घातली, प्रत्येकाची मिशी डिंक लावून स्वतःच्या हाताने चिकटवली. यादीत त्यांचे नाव नव्हते. मी वहीवाल्या गृहस्थांना गाठून विचारले, तर ते म्हणाले, “ही यादी विद्यार्थी-सहभागाची आहे. शिक्षकांचे खाते वेगळे, ते पुढे कधीतरी घेऊ.” बाई आता ऐंशीच्या पुढे आहेत, ‘पुढे कधीतरी’ हे त्यांनी कुठल्या वहीत मांडून ठेवायचे? एक वाक्य चुकीच्या वेळी बोलणाऱ्याला मंचावर बोलावणाऱ्या समितीला, ते वाक्य पाठ करून घेणारी बाई आठवू नये, याला विसरभोळेपणा म्हणायला माझी तयारी नाही.

सही करून नारळ घेतला आणि तो बाईंच्या हातात ठेवून मी वाकून नमस्कार केला.

“तू कोण रे?”

“1991 चा हुजऱ्या, बाई. वकील आधीच घुसला होता, तो.”

बाईंनी चष्मा सारखा केला. “वकील अगदी वेळेवर आला होता. तूच विंगेत बटाटेवडा खात उभा होतास.”

नारळ मात्र त्यांनी ठेवून घेतला.