शंभरच्या प्लॅनमध्ये बाराच दिसतात? मग बरोबर आहे

व्हॉट्सॲपवर फिरणारा मेसेज थोडक्यात असा: "100 एमबीपीएसचे पैसे भरता, पण डाउनलोड लावलं की 12 सुद्धा धड मिळत नाहीत. म्हणजे 88 टक्के चोरी! स्पीड टेस्टमध्ये 100 दिसतं, कारण टेस्टही त्यांचीच. डीएनएस बदला, वेग दुप्पट होईल." सोबत पुरावा म्हणून डाउनलोडचा स्क्रीनशॉट, त्यात आकडा 11.7.

आधी ती 88 टक्क्यांची चोरी बघू. प्लॅनचा आकडा (एमबीपीएस) सेकंदाला किती मेगाबिट ते सांगतो, ब्राउझर दाखवतो तो मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. 100 भागिले 8, झाले 12.5. उरलेलं कुठे गेलं? फाइल सलग येत नाही, साधारण 1500 बाइटच्या तुकड्यांत येते आणि प्रत्येक तुकड्यासोबत पत्ता, क्रमांक असला मजकूर असतो. त्यात पाच-सहा टक्के जातात. म्हणून 11.7. ज्याने हा पुरावा जोडला, त्याला त्याची कंपनी शंभर नया पैशापर्यंत चुकते करतेय.

बिटमध्ये मोजणं हा ब्रॉडबँड कंपन्यांनी काढलेला डाव नाही. टेलिफोनच्या तारेवर किरकिरणारा 56के मोडेम आठवतो? ते 56 सुद्धा किलोबिटच होते. तारेवरून काय जातं ते बिटमध्ये आणि डिस्कवर काय साठतं ते बाइटमध्ये मोजायची रीत जुनीच आहे. मोठा आकडा जाहिरातीत शोभतो, हे मात्र खरं. तो बदलायची घाई कुणालाच नाही.

वेळेचा अंदाज काढायला आठाचा पाढाही नको. प्लॅनच्या आकड्यातलं एक शून्य उडवा, उरेल तितके मेगाबाइट दर सेकंदाला धरा. 4 जीबीची फाइल, 100 चा प्लॅन: 4000 भागिले 10, म्हणजे 400 सेकंद, पावणेसात मिनिटांच्या आत. आठाऐवजी दहाने भागल्यामुळे ती पाच-सहा टक्क्यांची गळतीही यात धरली जाते, आणि विंडोज 1024 च्या हिशोबाने जीबी मोजते तो फरकही.

स्पीड टेस्टबद्दलच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. टेस्ट बहुधा जवळचा सर्व्हर निवडते, कधी तो तुमच्याच कंपनीच्या जाळ्यात असतो, आणि ती एकाच वेळी अनेक जोडण्या उघडते. तुमची फाइल मात्र दूरच्या एखाद्या दमलेल्या सर्व्हरवरून एकाच जोडणीने येत असते. म्हणून टेस्टमध्ये सर्व्हर हाताने बदलून बघा, दुसऱ्या शहरातला निवडा.

डीएनएसचा उपाय फुसका. वेबसाइटच्या नावावरून तिचा इंटरनेटवरचा पत्ता शोधून दिला की त्याचं काम संपलं. पान उघडायला लागणारा क्षणभर वेळ कमी होईल, चालू डाउनलोड दुप्पट होणार नाही.

आता या मेसेजमध्ये नसलेली गोष्ट. 200 किंवा 300 चा प्लॅन आहे आणि टेस्ट कायम 94-95 वरच अडकते, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. हा आकडा दिसला की आधी वायर बघा. लॅन केबलच्या पारदर्शक प्लगमध्ये आठ रंगीत तारा असतात. 100 मेगाबिटला त्यातल्या चारच पुरतात, त्यावरच्या वेगाला, म्हणजे गिगाबिटला, आठही लागतात. क्रिंपिंग करताना, म्हणजे तारा प्लगमध्ये दाबून बसवताना, उरलेल्या चारांतली एखादी तार नीट बसली नाही, तरी नेट चालू राहतं, फक्त मुकाट्याने शंभरवर उतरतं. स्वस्तातल्या राउटरची पोर्टच शंभरची असते, तिथे केबल बदलूनही उपयोग नाही. आणि वाय-फायवर, त्यातही शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या राउटरनी गजबजलेल्या 2.4 गिगाहर्ट्झवर घेतलेली टेस्ट कंपनीच्या विरोधात वापरूच नका. तिथे भिंती आणि शेजारी मोजले जातात.

भांडायचंच असेल तर मुद्दे आहेत. '100 एमबीपीएसपर्यंत' यातला 'पर्यंत' हा बारीक अक्षरातला शब्द, एफयूपीची (प्लॅनमध्ये ठरवून दिलेल्या डेटाची) मर्यादा संपल्यावर कोसळणारा वेग, रात्री नऊला सगळी सोसायटी सिनेमे लावून बसली की होणारी रड. लॅपटॉप केबलने राउटरला जोडा, बाकी सगळं बंद करा, सकाळी एकदा आणि रात्री एकदा टेस्ट घ्या, दोन्हींचे स्क्रीनशॉट ठेवा. सकाळी 95 आणि रात्री 30 येत असतील तर कस्टमर केअरला फोन लावा, आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय ठेवू नका.