अटॅच्ड बाथरूमचं राबिट

पदवीधर, प्राप्तिकर भरणाऱ्या, चार लोकांत ऊठबस असलेल्या माणसाला भर दुपारी स्वतःच्या फाटकात उकिडवं बसवून फुटक्या टाइल्स निवडायला लावल्या, आणि वर "ती सफेद बाजूला टाक, ती संशयित आहे" असंही ऐकवलं. राग अजून उतरलेला नाही.

घरात बाथरूम नवीन करायचं ठरलं. (ठरवणाऱ्यांत मी नव्हतो.) कंत्राटदाराने ब्रेकर लावून जुनं फोडलं, राबिट, म्हणजे फोडकामाचे तुकडे आणि चुरा, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत भरून फाटकाशी रचलं आणि "तोडायचं आमच्याकडं, उचलायचं पार्टीकडं" असं सांगून तो निघाला. पार्टी म्हणजे मी.

घंटागाडीवाल्याने एका गोणीला पायाने ढोसून पाहिलं. "ओला का सुका?" मी म्हटलं, सुका. "मग एवढा जड कसा?" म्हणाला आणि गाडी गाणं वाजवत पुढे गेली. नगरपरिषदेत गेलो. कुठली ते सांगत नाही, उद्या गाडी आमच्या दारावरून गाणंसुद्धा न वाजवता जायची. तिथे म्हणाले, पैसे भरा, उचलतो. पावतीपुस्तक काढता काढता त्यांनीच विचारलं, "टाकायचं कुठं?"

"तेच विचारायला आलोय."

"जागा ठरायची आहे."

बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्याचे नियम केंद्राने 2016 च्या मार्चमध्ये काढले. पाच लाखांखालच्या वस्तीच्या गावांनाही त्यात प्रकल्प सुरू करायला तीन वर्षं दिलेली होती. आता त्याहून नवे नियम आलेत, ते प्रामुख्याने 20,000 चौरस मीटर आणि त्यावरच्या बांधकामांसाठी. अंमलाची तारीख 1 एप्रिल 2026. तारखेवर विनोद करण्याच्या मनःस्थितीत मी नाही. पण 20,000 चौरस मीटरचं बाथरूम परवडलं असतं तर मी फाटकात बसलो असतो का?

गावाचा सल्ला मात्र एकमुखी होता. दुकानदार, रिक्षावाले, आमचे साडू, सगळे एकच बोलले: "एवढं काय त्यात? रात्री दहानंतर टेम्पो येतो. खाडीवर." खाडीवर म्हणजे तिवरांत. दिवसा त्याच तिवरांच्या रक्षणाचा फलक लावायचा, रात्री फलकाच्या पायथ्याशी गोण्या ओतायच्या. तिवर गेलं की चिंबोऱ्या गेल्या, आणि मग बाजारात हेच लोक विचारणार, चिंबोऱ्या एवढ्या महाग कशा? पऱ्यांची, म्हणजे ओढ्यांची, तीच गत. पऱ्यात भराव, भरावावर कंपाउंड, कंपाउंडवर नाव, 'निसर्ग'. शेजारच्या चिपळूणने 2021 च्या जुलैत पाणी कुठवर चढतं ते बघितलं, तरी आमच्याकडे पऱ्या दिसला की हात शिवशिवतात. असो.

तर तात्या आले. वाडीच्या वरच्या टोकाला राहतात, पावसात त्यांचं खळं खचलं होतं, त्यात भराव घालायचा होता. त्यांना राबिट हवं, मला नको. दोघांच्या गरजा इतक्या जुळत होत्या की तिथेच मला संशय यायला हवा होता, असं आमची ही आता म्हणते.

बांगड्याचा कल्ला उघडून बघावा तसं तात्यांनी गोणीचं तोंड उघडलं. एक तुकडा काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि तुकडा नाकाशी नेला.

"वास कसला घेताय, तात्या?"

"साबणाचा येतो का बघतो."

"साबणाचा?"

"आला तर न्हाणीचा. नाही आला तर..." वाक्य त्यांनी सभ्यपणे सोडून दिलं. "ही कुठल्या भिंतीची? न्हाणीच्या, का पलीकडची?"

"पलीकडे काही नव्हतं. अटॅच्ड होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे दोन्ही एकातच."

तात्यांनी तुकडा पायरीवर ठेवला आणि हात धोतराला पुसले. "आमच्या वेळी परसाकडे जायला माडांपलीकडे जावं लागायचं. मध्ये अंतर असायचं रे. तुम्ही ते पलंगाशी आणून ठेवलंत. आता निवडणार कोण?"

"सिमेंट-वाळू आहे हो ती नुसती."

"वर वृंदावन यायचंय, राजा. रोज दिवा लागायचा तिथे. आणि खाली तुझं कमोड?"

"कमोड काढून देतो."

"कणनकण?"

मग निवड सुरू झाली. खुर्ची आणून दिली बायकोने, तात्यांना. चहाही तात्यांनाच. काँक्रीट एकीकडे, चिऱ्यांचे तुकडे दुसरीकडे, टाइल्सची वेगळी रास. निळ्या फुलांची टाइल शॉवरखालचीच होती, अशी साक्ष बायकोने दिली म्हणून ती सुटली. सफेद टाइल सगळीकडे होती, म्हणून ती संशयित. 2016 च्या नियमांतसुद्धा दिवसाला 20 किंवा महिन्याला 300 टन राबिट काढणाऱ्या मोठ्या पार्ट्यांनी काँक्रीट, माती, लोखंड, लाकूड-प्लास्टिक, विटा-गिलावा असं वेगळं करून ठेवायचं होतं. 'संशयित' हा वर्ग केंद्र सरकारलाही सुचलेला नाही.

आमचं जुनं घर पाडलं तेव्हा असला प्रश्नच आला नव्हता. चिरे मातीत रचलेले, पहारीने सुटे झाले आणि तसेच्या तसे भावकीतल्या एकाच्या गोठ्याला गेले. मंगलोरी कौलं मोजून विकली गेली, वासे न्यायला माणसं भांडली. उरली ती भिंतीची माती, ती माडांच्या बुंध्याशी. आता चिरा सिमेंटमध्ये बसवतात. पाडताना चिरा फुटतो, सांधा सुटत नाही. आणि गंमत बघा, ज्या आठवड्यात माझी जुनी खडी कुणाला फुकट नको होती, त्याच आठवड्यात नव्या कामाला मी ब्रासच्या भावाने डोंगरातली ताजी खडी विकत घेतली.

मी तात्यांना म्हटलं, दिल्लीला बुराडीत 2009 पासून कारखाना आहे. राबिट भरडतात, चाळतात, धुतात, लोहचुंबकाने सळ्या काढतात आणि ब्लॉक पाडतात. सर्वोच्च न्यायालयाच्या नव्या इमारतीत असले 18 लाखांच्या आसपास ब्लॉक बसवलेत. त्यात कुणाकुणाचे संडास असतील, कोण सांगणार?

"तरीच तारखा पडतात," तात्या म्हणाले.

मी आयएस 383, म्हणजे खडी-वाळूचं भारतीय मानक, काढलं. 2016 च्या आवृत्तीप्रमाणे एम 25 दर्जापर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्येसुद्धा खडीपैकी 20 टक्के भरडलेलं जुनं काँक्रीट चालतं. "त्यात तुळस लावणार आहेत का?" नाही. "मग झालं." तेवढ्यात शेजाऱ्यांची कोंबडी संशयित राशीवरून काँक्रीटच्या राशीवर गेली. तात्या उठले. "घरी विचारून सांगतो" म्हणाले आणि गेले. मी पाठीला हात लावून उभा राहिलो, कमरेत उसण भरली होती.

पुढच्या रविवारी वर गेलो तर त्यांचं खळं भरलेलं. टेम्पोवाल्याकडून दोन ब्रास भराव, रोख पैसे मोजून. माल छान होता, काँक्रीट, विटा, आणि सफेद टाइल्स, पुष्कळ सफेद टाइल्स. मधोमध गिलाव्याचा एक थर उताणा पडला होता, त्यावर निळ्या ऑइलपेंटने जाड अक्षरं: 'रुषांसा'.

एसटी स्टँडचं जुनं शौचालय पाडल्याचं मला माहीत होतं. मी बोट दाखवलं.

तात्यांनी चष्मा लावून वाचलं. जराही गडबडले नाहीत.

"अरे, ते सरकारी. कुणा एकाचं नाही ते. सरकारी मालाला सोयरसुतक नसतं." आणि कोपऱ्यातली धुम्मस माझ्याकडे सरकवली. "आलाच आहेस तर चार ठोके घाल. ते अक्षर आधी खाली बसव."